"आत जा, शोधा": विद्यापीठाच्या ग्रंथालयात नव्यानं आलेल्यांसाठी

सकाळी विद्यापीठाच्या ग्रंथालयाबाहेर जी रांग लागते ती खुर्चीसाठी असते. एमपीएससीवाले, नेट-सेटवाले पाण्याची बाटली, डबा आणि स्वतःच्याच झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन येतात, अभ्यासिकेत जागा धरतात आणि संध्याकाळी तोच गठ्ठा घेऊन घरी जातात. वरच्या मजल्यावर स्टॅकमध्ये, म्हणजे पुस्तकांच्या कपाटांच्या रांगांत, मात्र भर दुपारी पंख्याची घरघर ऐकू येईल एवढी शांतता. नावं ठेवायची म्हणून हे लिहीत नाही, एम. ए.च्या पहिल्या सत्रात मीही त्यातलाच होतो. दिवाळीपर्यंत एकही पुस्तक घरी नेलं नव्हतं. पुस्तकं हवी होती, पण काउंटरवर जाऊन नेमकं काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं आणि विचारायची लाज वाटायची. तालुक्याच्या कॉलेजात खिडकीतून चिठ्ठी सरकवली की शिपाईमामा पुस्तक आणून देत. इथे पहिल्याच दिवशी काउंटरवरचे सर मान वर न करता म्हणाले, "आत जा, शोधा."

ते शोधायचं कसं, एवढंच इथे सांगतो.

आधी इमारत आणि कार्ड

आता पाटीवर 'ग्रंथालय' हा शब्द दिसेलच असं नाही. पुण्यात ज्याला सगळे जयकर लायब्ररी म्हणतात त्याचं आजचं नाव जयकर ज्ञानस्रोत केंद्र. (विद्यापीठाचे पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर, त्यांच्यावरून.) कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्र आहे. गेटवरच्या वॉचमनला 'ज्ञानस्रोत' विचारू नका, 'लायब्ररी' विचारा. मुंबईत तर दोन जागा आहेत: फोर्टला राजाबाई टॉवरखालचं जुनं ग्रंथालय आणि कलिन्याच्या आवारातलं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. यादीत पुस्तक दिसलं म्हणून कलिन्याला गेलात आणि ते फोर्टला निघालं, तर अर्धा दिवस लोकलमध्ये गेला म्हणून समजा. याशिवाय प्रत्येक विभागाचं स्वतःचं छोटं ग्रंथालय असतं, त्याचीही नोंद कधी कधी मुख्य यादीत असते. म्हणून संगणकावर पुस्तक सापडलं की 'कुठे आहे' हा रकाना आधी वाचायचा.

कार्डासाठी प्रवेशाची पावती, ओळखपत्र, फोटो, ग्रंथालयाचा अर्ज आणि त्यावर विभागप्रमुखांची सही एवढं साधारण लागतं. काही ठिकाणी अनामत रक्कम भरावी लागते. त्या अनामतीची पावती जपून ठेवा, कोर्स संपल्यावर ती हरवलेली असते हा अनुभव सार्वत्रिक आहे. किती पुस्तकं आणि किती दिवस हे पदवी, पदव्युत्तर, पीएच. डी. यांना वेगवेगळं असतं. देवघेव विभागाच्या भिंतीवर तक्ता लावलेला असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दंड किती आणि सुट्टीचे दिवस त्यात धरतात का, हेही त्याच तक्त्यात पाहा. नसेल तर विचारा.

आत जाताना बॅग प्रॉपर्टी काउंटरवर ठेवावी लागते. पाकीट आणि फोन खिशात, वही-पेन हातात. स्वतःची छापील पुस्तकं आत नेऊच नका. बाहेर पडताना ती तुमचीच आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं.

संगणकावर शोधताना

ग्रंथालयाच्या यादीला सगळे ओपॅक म्हणतात. पूर्वी हेच काम लाकडी खणांतली कार्डं करायची, काही ठिकाणी ते खण अजून आहेत आणि जुन्या पुस्तकांसाठी अजूनही तेच खरे. ओपॅक घरूनही उघडतं, तेव्हा शोधाशोध आदल्या रात्री करा. ग्रंथालयातला एकुलता एक चालू संगणक नेहमीच कोणीतरी अडवून बसलेला असतो.

नव्यांची चूक एकच: पुस्तकाचं पूर्ण नाव, उपशीर्षकासकट, टाकून बघतात. एक वेलांटी चुकली की 'शून्य निकाल'. लेखकाचं आडनाव आणि शीर्षकातला एखादा नेमका शब्द, एवढंच टाका. 'डॉ.', 'प्रा.' गाळा. नोंदीत आडनाव आधी असतं, त्यामुळे 'जोशी' टाकून मग यादी चाळणं सोपं. टोपणनावाचा घोळ वेगळा: कुसुमाग्रजांच्या कविता कुसुमाग्रज या नावाखाली असतील आणि नाटकं शिरवाडकर या नावाखाली, किंवा सगळंच एकाखाली. दोन्ही टाकून पाहायचं. लेखिकांचं माहेरचं आणि सासरचं आडनाव हाही तसाच प्रकार. संतांची नोंद तर बहुधा आडनावाखाली नसतेच, तुकाराम 'त'मध्येच शोधायचे.

मराठी पुस्तकांना आणखी एक आजार आहे, लिपीचा. बऱ्याच ग्रंथालयांनी सुरुवातीच्या नोंदी रोमन अक्षरांत केल्या, नंतरच्या देवनागरीत. त्यामुळे एकाच लेखकाची निम्मी पुस्तकं एका लिपीत सापडतात, निम्मी दुसऱ्या. रोमनमध्येही 'भारतीय' लिहिताना 'r'नंतर 'a' घातला की नाही हे नोंद करणाऱ्यावर अवलंबून. देवनागरीत सापडलं नाही तर रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हांनी टंकून बघा, मगच पुस्तक नाही असं म्हणा. आणि जुनं पुस्तक हवं असेल तर अनुस्वार आठवा. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गळाले. त्याआधीच्या मुखपृष्ठावर 'साधनें' छापलेलं असतं, आपण 'साधने' टंकतो आणि संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. अशा वेळी वादातला शब्द सोडून शीर्षकातला दुसरा शब्द टाकायचा.

निकाल आला की वहीत तीन गोष्टी उतरवा: लेखक, कॉल नंबर, आणि प्रत सध्या कुठे आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळ्यात मोठा आकडा उतरवून घेतला होता, सहा अंकी. स्टॅकमध्ये अर्धा तास फिरलो, एकाही कपाटावर तसला आकडा नाही. तो दाखल क्रमांक होता. पुस्तक खरेदी होऊन रजिस्टरात चढलं तेव्हा मिळालेला नंबर. त्यावरून पुस्तक केव्हा आलं ते कळतं, कुठे ठेवलंय ते नाही. पत्ता असतो तो कॉल नंबर.

पत्ता वाचणं

हे एकदा जमलं की बाकी सगळं हमाली.

पुस्तकाच्या पाठीवर, खालच्या बाजूला, पांढरी चिठ्ठी असते. समजा तिच्यावर वरच्या ओळीत ८९१.४६३ आणि खालच्या ओळीत 'कुल' असं आहे. खालची अक्षरं लेखकाच्या आडनावाची, म्हणजे कुलकर्णी. (पुष्कळदा हीसुद्धा रोमनमध्ये असतात.) वरचा आकडा विषयाचा. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालानं १८७६ मध्ये सगळ्या ज्ञानाचे दहा भाग पाडले आणि प्रत्येकाला शंभर आकडे दिले: १०० तत्त्वज्ञान, २०० धर्म, ३०० समाजशास्त्रं, ४०० भाषा, ५०० विज्ञान, ६०० तंत्रज्ञान, ७०० कला, ८०० साहित्य, ९०० इतिहास-भूगोल, आणि सुरुवातीच्या ००० मध्ये संगणक, कोश वगैरे. आपल्याकडच्या बहुतेक विद्यापीठांत हीच पद्धत चालते.

आता ८९१.४६३ सोलून बघू. ८०० म्हणजे साहित्य. इंग्रजी साहित्याला ड्युईसाहेबांनी ८२०चं अख्खं घर दिलं, आपल्याला मात्र ८९० मध्ये 'इतर' म्हणून कोंबलं. ८९१.४ म्हणजे आजच्या भारतीय-आर्य भाषा, ८९१.४६ म्हणजे मराठी. त्यापुढचा आकडा प्रकाराचा: १ कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध. तेव्हा ८९१.४६३ कुल म्हणजे कुणा कुलकर्ण्यांची मराठी कादंबरी किंवा कथासंग्रह. आपलं घर दशांशचिन्हाच्या पलीकडे गेलं याचा मला पहिल्या वर्षी राग आला होता. दुसऱ्या वर्षी डोळे मिटून त्या रांगेपर्यंत पोचायला लागलो तेव्हा तो गेला.

शियाळी रामामृत रंगनाथन या भारतीय ग्रंथपालांनी १९३३ मध्ये ड्युईला पर्याय म्हणून स्वतःची कोलन पद्धत काढली. एखाद्या जुन्या ग्रंथालयात पाठीवर अक्षरं आणि विरामचिन्हं मिसळलेला नंबर दिसला तर तो त्यांचा. तिथे मात्र पहिल्या दिवशी शहाणपणा न करता सरळ कर्मचाऱ्यांना विचारावं.

आकडे लागतात ते दशांशाप्रमाणे, आणि इथे गणितातले हुशार लोकही घसरतात. ३२०.५४ आणि ३२०.६ यांत आधी कोण? घाईत आपण चोपन्न आणि सहा असं वाचतो आणि ३२०.६ला मागे शोधायला जातो. पण पॉइंट पाच पॉइंट सहाच्या आधी येतो, म्हणून ३२०.५, मग ३२०.५४, मग ३२०.६. एकेक अंक घेत पुढे सरकायचं, शब्दकोशात अक्षरं बघतो तसं. कपाटाच्या कडेला 'कुठून कुठपर्यंत' अशी पट्टी असते. आत प्रत्येक फळी डावीकडून उजवीकडे वाचायची, ती संपली की खालची फळी, आणि ते उभं कपाट पूर्ण संपल्यावरच शेजारचं. फळी सरळ आडवी पुढच्या कपाटात जाते असं समजून चालत सुटणारे मी रोज पाहिलेत.

एकच विषय चार ठिकाणी राहतो हेही लक्षात घ्या. तुकारामांची गाथा कवितेत, ८९१.४६१ला, पण भक्तिपरंपरेवरचं पुस्तक २९४.५ला, हिंदू धर्मात. नाटकाची संहिता ८९१.४६२ला आणि रंगभूमीवरचं पुस्तक ७९२ला. मराठी व्याकरण साहित्याजवळ नसतंच, ते ४९१.४६ला, कधी कधी दुसऱ्याच मजल्यावर. लोककथा ३९८. महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ आणि गोव्याचा थोडा पुढे, ९५४.७९९. तुमच्या विषयाचे असे दोन-तीन पत्ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले की दर वेळी ओपॅकची गरज उरत नाही.

आणि हवं ते पुस्तक मिळालं तरी लगेच फिरू नका. त्याच्या डावीकडची दहा आणि उजवीकडची दहा पुस्तकं काढून अनुक्रमणिका बघा. त्या विषयावर कोणी कोणी लिहिलंय ते तिथे शेजारी शेजारी उभं असतं. माझ्या प्रबंधातली निम्मी संदर्भसूची अशीच, दुसरं काहीतरी आणायला गेलो असताना जमली. संगणकावर हे होत नाही, तो विचारलं तेवढंच दाखवतो.

संगणक 'आहे' म्हणतो, फळीवर नाही

हे दर दुसऱ्या दिवशी होईल. पुस्तक बहुधा चोरीला गेलेलं नसतं. आधी त्याच फळीवर मागे हात घालून बघा, बारीक पुस्तकं जाडजूड पुस्तकांच्या मागे सरकतात. मग वरची आणि खालची फळी. मग आकड्यांची अदलाबदल करून बघा: ३२०.५४ची जागा ३२०.४५ला. मोठ्या आकाराचे ग्रंथ वेगळ्या कपाटात आडवे ठेवतात. परत आलेली पुस्तकं ज्या ढकलगाडीवर साठतात ती गाडी शोधा आणि वाचनकक्षातल्या टेबलांवरून एक फेरी मारा. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात काही महाभाग स्वतःला हवी ती पुस्तकं भलत्याच विषयात लपवून ठेवतात. वनस्पतिशास्त्रात राज्यघटना सापडली तर दचकू नका.

एवढं करूनही नाही मिळालं तर काउंटरवर सांगा. बांधणीला गेलं असेल तर त्यांनाच कळतं. कोणी घरी नेलं असेल तर आरक्षण करता येतं, पुस्तक परत आलं की तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवतात. ठरलेल्या मुदतीत मात्र घेऊन जा.

विचारायचं कसं, हेही सांगतो. "दुष्काळावर काही आहे का?" असं विचारलं तर "आत बघा" हेच उत्तर मिळणार, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. "मॅडम, १९७२च्या दुष्काळावर मराठीत लिहिलेलं शोधतोय, ओपॅकवर ही दोन मिळाली, आणखी कुठे बघू?" असं विचारा. वहीतली यादी दाखवा. माझ्या बाबतीत त्या मॅडम खुर्ची सोडून उठल्या आणि सरकारी अहवालांच्या एका कपाटापाशी घेऊन गेल्या. ते ओपॅकवर चढलेलंच नव्हतं.

काही ठिकाणी मुक्तद्वार पद्धत नसते, म्हणजे स्वतः स्टॅकमध्ये जाऊन पुस्तक काढता येत नाही. तिथे मागणीचिठ्ठी भरायची: कॉल नंबर, लेखक, नाव, तुमचा कार्ड क्रमांक. एका वेळी तीन-चार चिठ्ठ्या द्या, कारण पहिली एक-दोन हमखास 'उपलब्ध नाही' म्हणून परत येतात. जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर चिठ्ठी दिली तर पुस्तक तीनला मिळेल, याची तयारी ठेवा.

काउंटरवर

पुस्तक आणि ओळखपत्र दोन्ही पुढे करा, बारकोड वाचला जातो, शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर परतीच्या तारखेचा शिक्का बसतो. एका मिनिटाचं काम.

त्या मिनिटाआधी एक काम तुमचं. पुस्तक तिथेच उभ्यानं चाळा. पानं फाटलेली, गायब, ब्लेडनं कापलेले नकाशे, शाईनं रंगवलेली प्रकरणं, जे दिसेल ते काउंटरवर दाखवा आणि त्यांच्याकडून पुस्तकात पेन्सिलीनं नोंद करून घ्या. एका ग्रंथालयात मी हे केलं नाही. परत करताना सोळा पानं कमी निघाली. ती माझ्या आधीच गेली होती, पण कार्डावर शेवटचं नाव माझं. नवी प्रत विकत आणून द्यावी लागली, आणि आवृत्ती बाजारात संपलेली असल्यामुळे ती जुन्या पुस्तकवाल्याकडे शोधण्यात तीन रविवार गेले.

पाठीवर किंवा चिठ्ठीवर 'संदर्भ' असा शिक्का असेल तर ते पुस्तक घरी मिळत नाही. कोश, सूची, गॅझेटियर, दुर्मीळ पुस्तकं आणि प्रबंध तिथेच बसून वाचायचे. मराठीचा अभ्यास करणाऱ्यांनी संदर्भ विभागात एक ग्रंथ तरी ओळखीचा करून घ्यावा: शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या काळात मराठीत काय काय छापलं गेलं ते तिच्या दोन खंडांत विषयवार लावलेलं आहे. आधी तिथे पुस्तकाचं नाव पक्कं करायचं, मग ओपॅक. जुन्या पुस्तकाचं नाव लोक तोंडी निम्मंच सांगतात, त्यामुळे हा उलटा रस्ता जास्त जवळचा पडतो.

इथे नसेलच तर

इन्फ्लिबनेट या विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या संस्थेचं शोधगंगा हे संकेतस्थळ सगळ्यांना मोफत उघडं आहे, त्यावर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच. डी. प्रबंध प्रकरणवार मिळतात. आपल्या विषयाचा एखादा प्रबंध काढा आणि शेवटची संदर्भसूची आधी उतरवा. कुणीतरी पाच वर्षं घालून केलेली खरेदीयादी आयती हातात येते. संलग्न कॉलेजात असाल तर तुमच्या ग्रंथपालांकडे एन-लिस्टचं (कॉलेजांसाठीच्या ई-पुस्तकांच्या आणि ई-नियतकालिकांच्या योजनेचं) लॉगिन मागा. पुष्कळ कॉलेजांत ते असतं आणि कोणी मागत नाही म्हणून पडून राहतं. साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच प्रकाशनं मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, तेव्हा त्यासाठी रांग लावू नका.

छापील प्रतच हवी असेल तर आंतरग्रंथालयीन देवघेव असा एक प्रकार असतो: तुमचं ग्रंथालय दुसऱ्या ग्रंथालयाकडून पुस्तक मागवतं. वेळ लागतो, टपालखर्च कधी तुम्हाला द्यावा लागतो, पण होतं. त्याहून सोपं म्हणजे मार्गदर्शकांचं पत्र घेऊन स्वतः जाणं. पुण्यात असाल तर भांडारकर संस्था आणि गोखले अर्थशास्त्र संस्था, मुंबईत असाल तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. पत्राच्या दोन प्रती न्या, एक ते ठेवून घेतात.

परत करताना

मुदत संपायच्या आदल्या दिवशी ओपॅकमध्ये स्वतःच्या खात्यात जाऊन नूतनीकरण करता येतं का बघा. दुसऱ्या कोणी आरक्षण केलं असेल तर ते होत नाही, मग पुस्तक द्यायलाच हवं. आणि मित्राच्या कार्डावर आपलं पुस्तक किंवा आपल्या कार्डावर त्याचं, हा व्यवहार करू नका. तो मे महिन्यात गावी जातो आणि दंड तुमच्या नावावर वाढत राहतो.

परत देताना पुस्तक काउंटरवर टेकवून पळू नका. नोंद स्क्रीनवरून गेली का ते थांबून बघा, शक्य असेल तर परतीची पावती घ्या. गर्दीच्या दिवशी पुस्तक ढिगात जातं, बारकोड वाचायचा राहतो, ते स्टॅकमध्ये जागेवर जाऊन बसतं आणि तुमच्या नावावर मात्र 'थकीत' दिसत राहतं. हे कळतं ते थेट शेवटच्या वर्षी, ना-देय प्रमाणपत्राच्या खिडकीशी. तसं झालंच तर वाद घालत बसू नका. कॉल नंबर घ्या, वर स्टॅकमध्ये जा, फळीवरून ते पुस्तक स्वतः काढून खाली आणून द्या.